‘डाऊनलोड’ केलेली गाणी नक्की कोणाची?

प्रश्न : मी मिरजेत राहतो. टपाल खात्यातून निवृत्त झालो असून वय ६४ आहे. गेली चार वर्षे मी एका संगीताच्या ॲपची वार्षिक वर्गणी भरत होतो आणि त्यावर नाट्यपदे, अभंग, भावगीते अशी सहाशेच्या आसपास गाणी डाऊनलोड करून ठेवली होती. यंदा वर्गणी भरायची राहिली, त्यातच फोन बदलला आणि सगळी गाणी गेली. विचारणा केली तर ‘पुन्हा वर्गणी भरा’ एवढेच उत्तर मिळाले. बसस्थानकाजवळचा एक दुकानदार दोनशे रुपयांत पेनड्राइव्ह भरून देतो. लेस्टरला असलेला मुलगा म्हणतो, ‘बाबा, यूट्यूबवरून उतरवून घ्या, सगळे तेच करतात.’ मला चोरीही करायची नाही आणि जन्मभर भाडेही भरायचे नाही. गाणी एकदा विकत घेऊन कायमची जवळ ठेवण्याची काही सोय आहे का? घरातल्या १४० कॅसेटी संगणकावर घेतल्या तर चालेल का? त्यांतली गाणी मुलाला पाठवता येतील का? या कॅसेटींत माझ्या वडिलांच्या भजनाची, १९८६ साली घरच्या टेपरेकॉर्डरवर भरलेली एक कॅसेटही आहे.

उत्तर : सप्रेम नमस्कार.

आपली गाणी हरवली नाहीत, कारण ती आपली झालीच नव्हती. हे वाचून वाईट वाटेल, पण पुढचे सगळे निर्णय या एका गोष्टीवर अवलंबून असल्यामुळे ती आधी सांगतो. ‘डाऊनलोड’ हा एकच शब्द दोन अगदी वेगळ्या व्यवहारांसाठी वापरला जातो आणि ॲप चालवणाऱ्या कंपन्यांना हा गोंधळ मिटवण्याची काही घाई नाही. वाचनालयाची वर्गणी भरून घरी आणलेले पुस्तक कपाटात आपल्या पुस्तकांशेजारीच उभे असते, पण वर्गणी संपली की ते परत करावे लागते. वर्गणीच्या ॲपमधील डाऊनलोड हा तसा प्रकार आहे. गाणे फोनमध्ये येते खरे, पण ते कुलूपबंद असते आणि किल्ली कंपनीच्या हातात राहते. स्पॉटिफाय किंवा यूट्यूब प्रीमियम यांवर उतरवलेली गाणी चालू ठेवायची तर महिन्यातून निदान एकदा फोन इंटरनेटला जोडावा लागतो, तो यासाठीच : वर्गणीदार अजून वर्गणीदार आहे की नाही, हे त्यांना तपासायचे असते.

आपल्याकडे जे आहे ते विकतचे की भाड्याचे, याची परीक्षा घरच्या घरी करता येते. अँड्रॉइड फोन केबलने संगणकाला जोडावा, गाण्याची फाइल शोधावी, ती पेनड्राइव्हवर घ्यावी आणि तो पेनड्राइव्ह शेजाऱ्यांच्या टीव्हीला किंवा गाडीला लावून पाहावा. गाणे तेथे वाजले तर फाइल आपल्या ताब्यात आहे. फाइल सापडलीच नाही, किंवा सापडूनही दुसऱ्या यंत्रावर वाजली नाही, तर पावतीवर काहीही छापलेले असो, तो भाड्याचा व्यवहार आहे. फोन ‘एअरप्लेन मोड’वर टाकून गाणे वाजते का एवढेच पाहणे पुरेसे नाही, भाड्याचे गाणेही त्या परीक्षेत उत्तीर्ण होते.

विक्री आणि भाडे यांतला फरक न्यायालयापुढेही आलेला आहे. टिप्स इंडस्ट्रीज ही संगीत कंपनी आणि विंक म्युझिक हे गाण्यांचे ॲप यांच्या खटल्यात मुंबई उच्च न्यायालयाने एप्रिल २०१९ मध्ये विंकच्या विरोधात निकाल दिला आणि ऑक्टोबर २०२२ मध्ये खंडपीठानेही विंकचे अपील फेटाळले. ग्राहक गाणी स्वतःच्या वैयक्तिक वापरासाठी उतरवून घेतात, म्हणून कायद्यातील वैयक्तिक वापराची सवलत लागू होते, असा एक मुद्दा विंकच्या वतीने मांडण्यात आला होता. तो मान्य झाला नाही. पैसे घेऊन गाणी उतरवू देणारा व्यापार करीत असतो आणि वैयक्तिक वापराची सवलत ऐकणाऱ्यासाठी असते, विकणाऱ्याला तिच्याआड उभे राहता येत नाही, हा त्यातला आपल्या कामाचा भाग. (ते विंक म्युझिकही २०२४ मध्ये बंद झाले, हे ओघात सांगतो.)

बसस्थानकाजवळच्या दुकानदाराचा प्रश्न येथेच सुटतो. दोनशे रुपयांत हजारभर गाणी भरून देणारा माणूस कोणाचीही परवानगी न घेता दुसऱ्याचा माल विकत असतो. कॉपीराइट कायदा, १९५७ च्या कलम ६३ मध्ये अशा जाणीवपूर्वक उल्लंघनाला सहा महिने ते तीन वर्षे कैद आणि पन्नास हजार ते दोन लाख रुपये दंड सांगितला आहे. ग्राहकाच्या दारात पोलीस येतील अशी भीती मी घालणार नाही, पण त्या दोनशे रुपयांतला एक रुपयाही गायकाला, वादकाला किंवा कवीला मिळत नाही. शिवाय अशा पेनड्राइव्हवर निम्म्या गाण्यांची नावे चुकीची असतात, काहींचा शेवटचा अंतरा कापलेला असतो आणि एखादा विषाणूही सोबत येतो. नाट्यसंगीत जाणून ऐकणाऱ्या माणसाने तो घेऊ नये, असे माझे मत आहे.

मुलाचा सल्ला प्रेमाचा असला तरी तोही मानू नये. यूट्यूबच्या अटींनुसार त्यांनी स्वतः दिलेल्या सोयीखेरीज अन्य मार्गाने काही उतरवून घेता येत नाही. त्यासाठीची जी संकेतस्थळे असतात, त्यांच्यावरील ‘डाऊनलोड’च्या पाच बटणांपैकी चार भलतेच काहीतरी उतरवतात. आणि गाणे हाती आले तरी ते आधीच दाबून लहान केलेल्या आवाजाचे असते. एकदा गेलेला तपशील फाइलचा प्रकार बदलून परत येत नाही. केबीपीएस म्हणजे दर सेकंदाच्या आवाजासाठी किती माहिती साठवली आहे, त्याचे माप. ‘एचडी ३२० केबीपीएस’ असे नाव दिल्याने १२८ ची फाइल ३२० ची होत नाही, फक्त जागा जास्त खाते. चिरंजीवांना हेही कळवावे की ते राहतात त्या ब्रिटनमध्ये स्वतः विकत घेतलेल्या गाण्याची स्वतःसाठी प्रत करण्याची सवलत ऑक्टोबर २०१४ मध्ये कायद्यात आली होती, ती तेथील उच्च न्यायालयाने जुलै २०१५ मध्ये रद्द केली. ‘सगळे तेच करतात’ हे तेथे तर आपल्याकडच्यापेक्षाही लंगडे समर्थन ठरते.

आता खरेदीविषयी. भारतात गाण्यांची फाइल विकणाऱ्या दुकानांचा इतिहास थोडा उदास आहे. फ्लिपकार्टने २०१२ मध्ये ‘फ्लाइट’ नावाचे दुकान काढले. तेथे कुलूप नसलेली एमपी३ गाणी मिळत. २०१३ मध्ये ते बंद झाले आणि ग्राहकांना विकत घेतलेली गाणी उतरवून घ्यायला थोडी मुदत मिळाली. गूगल प्ले म्युझिक डिसेंबर २०२० मध्ये बंद झाले. या दोन्ही ठिकाणी ज्यांनी फाइल स्वतःच्या संगणकावर घेऊन ठेवली होती, त्यांची गाणी आजही वाजतात. ‘आपल्या खात्यात आहेत, हवी तेव्हा घेऊ’ असे म्हणणाऱ्यांना धावपळ करावी लागली. म्हणून खरेदी कोठेही करा, पैसे दिल्या दिवशीच फाइल उतरवा आणि तिच्या दोन प्रती दोन वेगळ्या ठिकाणी ठेवा. माझी स्वतःची सवय अशी की दोन्ही प्रती तयार झाल्याशिवाय मी नवे गाणे ऐकायला बसत नाही, आणि घरातले लोक या सवयीला हसतात.

आज आपल्याला उपयोगी पडतील अशी दोन दुकाने मला सांगता येतात. पहिले ॲपलचे आयट्यून्स स्टोअर, जे भारतात डिसेंबर २०१२ पासून आहे. ॲपलने २००९ मध्येच विकत घेतलेल्या गाण्यांवरील कुलूप काढून टाकले, त्यामुळे तेथून घेतलेली २५६ केबीपीएसची एएसी (एमपी३ सारखाच एक प्रकार) फाइल आयफोन नसलेल्या माणसालाही चालते; मात्र खरेदीसाठी आयफोन किंवा संगणकावरील आयट्यून्स लागते, अँड्रॉइड फोनवरून ती होत नाही. येथे एक काळजी घ्यावी लागते. ‘ॲपल म्युझिक’ ही त्याच कंपनीची वर्गणीची सेवा आहे आणि ती सतत पुढे पुढे करीत असते. तिच्या नादाला लागलात तर आपण पुन्हा वाचनालयात जाऊन पोहोचाल. दुसरे दुकान बँडकॅम्प. २००८ मध्ये सुरू झालेल्या या संकेतस्थळावर कलाकार आणि लहान प्रकाशक आपले संगीत स्वतः विकतात, डिजिटल विक्रीतून संकेतस्थळ साधारण १५ टक्के कापून घेते आणि ग्राहकाला एमपी३ पासून फ्लॅकपर्यंत (फ्लॅक म्हणजे आवाजाचा तपशील न गमावता साठवणारा प्रकार) हव्या त्या प्रकारची फाइल मिळते. पैसे परकीय चलनात द्यावे लागतात. आपल्या कार्डावर परदेशी व्यवहार बहुधा बंद असतील, कारण रिझर्व्ह बँकेच्या २०२० च्या नियमांपासून नव्या कार्डांवर ते मुळात बंदच ठेवलेले असतात. बँकेच्या ॲपमधून ते सुरू करावेत, खरेदीपुरती मर्यादा लहान ठेवावी आणि काम झाल्यावर पुन्हा बंद करावेत.

पण खोटी आशा दाखवत नाही. आपल्याला हवे असलेले जुने मराठी संगीत, विशेषतः नाट्यपदे आणि एकेकाळी फक्त कॅसेटवर निघालेले अभंग, या दुकानांत शोधाल तर पुष्कळदा हात हलवत परत याल. अशा गाण्यांसाठी सर्वांत खात्रीचा मार्ग अजूनही सीडी हाच आहे. सीडीवरचा आवाज दाबलेला नसतो, तिला कुलूप नसते, पावती आणि कागदावरची माहिती हातात राहते, आणि ती कोणी दुरून बंद करू शकत नाही. नवी सीडी मिळणे कठीण होत चालले आहे. मुंबईत काळा घोड्याचे ऱ्हिदम हाऊस हे संगीताचे दुकान २०१६ मध्ये बंद झाले, तेव्हा माझ्यासारख्या अनेकांच्या एका सवयीचा शेवट झाला. पण वापरलेल्या सीडी मिळतात. पुण्यात येणे झाले तर रविवारी किंवा बुधवारी जुन्या बाजारात एक फेरी मारावी. सीडी उजेडात तिरकी धरून पाहावी : मध्यापासून कडेकडे जाणारा ओरखडा एक वेळ चालतो, पण गोलाकार ओरखडा असेल तर गाणे अडकते. विकत घेतलेली सीडी दुसऱ्याला देऊन टाकण्याचा किंवा विकण्याचा मार्गही मोकळा असतो. फाइलच्या बाबतीत तसे नाही. अमेरिकेत रीडिजी नावाच्या कंपनीने वापरलेल्या संगीत-फाइलींचा बाजार उभा करून पाहिला, तो तेथील अपील न्यायालयाने २०१८ मध्ये बेकायदा ठरवला.

सीडी किंवा कॅसेट संगणकावर घेण्याबद्दल कायदा काय म्हणतो ते पाहू. आपल्या कायद्याच्या कलम ५२ मध्ये खासगी किंवा वैयक्तिक वापरासाठी केलेला रास्त व्यवहार उल्लंघन मानलेला नाही, आणि २०१२ च्या दुरुस्तीनंतर ही सवलत संगणक-प्रणाली वगळता सर्व कलाकृतींना लागू झाली. किती प्रती म्हणजे रास्त, हे कायद्यात आकड्यांत लिहिलेले नाही. स्वतः पैसे देऊन घेतलेल्या कॅसेटची स्वतः ऐकण्यासाठी एक प्रत संगणकावर आणि एक पेनड्राइव्हवर ठेवणे हे त्या सवलतीत नीट बसते, असे मी समजतो. त्याच गाण्यांचा पेनड्राइव्ह करून नाट्यवेड्या मित्रमंडळात वाटणे बसत नाही, दोनशे जणांच्या व्हॉट्सॲप गटावर टाकणे तर मुळीच नाही.

मुलाला पाठवण्याचे उत्तर या दोहोंच्या मध्ये कोठेतरी पडते. बाजारात मिळणारे गाणे असेल तर त्याला ते तेथेच विकत घेऊ द्यावे. लेस्टरमध्ये त्याला आपल्यापेक्षा जास्त दुकाने उपलब्ध आहेत, ॲमेझॉन तेथे एमपी३ विकते आणि कोबुझ फ्लॅक विकते. मूळ सीडीच त्याला देऊन टाकणार असाल तर काही प्रश्नच नाही, मात्र मग आपल्या संगणकावरची प्रत पुसणे सचोटीचे ठरेल.

काही गाणी मात्र पूर्णपणे मोकळी असतात आणि आपल्या आवडीच्या संगीतात त्यांचे प्रमाण बरेच आहे. भारतात ध्वनिमुद्रणाचा हक्क ते प्रथम प्रकाशित झाल्यानंतरच्या वर्षापासून ६० वर्षे टिकतो. म्हणजे १९६४ मध्ये प्रथम निघालेली तबकडी १ जानेवारी २०२५ पासून मुक्त झाली. पण गाण्यात ध्वनिमुद्रणाखेरीज शब्द आणि चाल असे आणखी दोन थर असतात आणि त्यांचा हक्क कवी व संगीतकार यांच्या मृत्यूनंतर ६० वर्षे चालतो. ‘संगीत स्वयंवर’ हे १९१६ चे नाटक घ्या. पदे लिहिणारे कृष्णाजी प्रभाकर खाडिलकर १९४८ मध्ये गेले, चाली देणारे भास्करबुवा बखले १९२२ मध्येच. त्यामुळे शब्द आणि चाली दोन्ही केव्हाच मुक्त झाल्या. त्यातील पदाची बालगंधर्वांच्या आवाजातली १९३० च्या दशकातली तबकडी असेल तर तिन्ही थर मोकळे आहेत आणि कोणी ती प्रामाणिकपणे संगणकावर घेऊन खुली केली असेल तर आपण खुशाल उतरवून घ्यावी. तेच पद दुसऱ्या कोणी १९८० मध्ये गाऊन कॅसेट काढली असेल तर ते ध्वनिमुद्रण २०४० च्या अखेरपर्यंत मोकळे होत नाही. भावगीतांच्या बाबतीत तर अधिक सांभाळावे लागते : गदिमा १९७७ मध्ये गेले आणि सुधीर फडके २००२ मध्ये, त्यामुळे तबकडी कितीही जुनी असली तरी गदिमांचे शब्द २०३७ अखेरपर्यंत आणि बाबूजींच्या चाली २०६२ अखेरपर्यंत संरक्षित आहेत.

आता कॅसेटींचे प्रत्यक्ष काम. कॅसेट तिच्याच वेगाने वाजवून भरावी लागते, त्यात घाई करता येत नाही. साठ मिनिटांच्या १४० कॅसेटी म्हणजे १४० तास. रोज एक घेतली तर जवळजवळ पाच महिने लागतील. निवृत्त माणसाला हे काम ओझे न वाटता बरे वाटेल, असा माझा अंदाज आहे. वॉकमनसारखी दिसणारी, थेट यूएसबीने जोडण्याची स्वस्त यंत्रे बाजारात मिळतात, ती घेऊ नका. त्यांचा वेग थरथरतो आणि तंबोऱ्याचा सूर ऐकताना ते लगेच कळते. मिरजेत राहणाऱ्या माणसाला बेसूर तंबोरा कानाला किती टोचतो हे मी सांगायला नको. घरचा जुना चांगला डेक, म्हणजे कॅसेट वाजवण्याचे यंत्र, असेल तर तोच दुरुस्त करून, पट्टा बदलून घ्यावा. लॅपटॉपचे माइकचे भोक बहुधा एकाच बाजूचा आवाज घेते, म्हणून स्टिरिओ लाइन-इन असलेले छोटे यूएसबी उपकरण वेगळे घ्यावे लागेल. संगणकावर आवाज भरून घेण्यासाठी ऑडॅसिटी ही प्रणाली विनामूल्य मिळते.

प्रत्येक कॅसेट वाजवण्याआधी एकदा शेवटपर्यंत पुढे आणि पुन्हा मागे फिरवावी, म्हणजे वर्षानुवर्षे चिकटून बसलेली फीत मोकळी होते. फितीच्या मागची फेल्टची चिमुकली गादी जागेवर आहे ना, हे पाहावे. ती गळून पडलेली असेल तर आवाज खोल विहिरीतून आल्यासारखा येतो आणि आपण उगाच डेकला दोष देत बसतो. डेकचे हेड (फितीवरचा आवाज वाचणारा भाग) आयसोप्रोपिल अल्कोहोलमध्ये बुडवलेल्या कापसाच्या काडीने पुसावे. काडी तपकिरी होईल, ती फितीची झड असते. आवाजाची पातळी अशी ठेवावी की सर्वांत मोठी तानही ऑडॅसिटीच्या पट्टीवर उणे सहा डेसिबलच्या आसपास थांबेल. अख्खी बाजू एकसलग भरून घ्यावी आणि गाणी नंतर वेगळी करावीत. खरखर काढण्याची सोय प्रणालीत आहे, पण ती बेताने वापरावी. खरखरीबरोबर झांजेची झिणझिण आणि गायकाचा श्वासही जातो.

मूळ प्रत फ्लॅकमध्ये ठेवावी. एका कॅसेटला साधारण ३०० एमबी धरले तर सगळ्या मिळून ४०-४५ जीबी होतील, म्हणजे एका लहान हार्ड डिस्कला काहीच नाही. त्यावरून गाडीसाठी एमपी३ करून घ्याव्यात. फाइलींना नावे देताना गायकाचे नाव आणि वर्ष अवश्य घालावे, कारण एकच पद आपल्याकडे चार गळ्यांतले असणार. गाडीतल्या अनेक प्लेअरना देवनागरी वाचता येत नाही आणि पडद्यावर नुसते चौकोन दिसतात, तेव्हा गाडीच्या प्रतीला रोमन लिपीत नावे द्यावीत आणि घरच्या प्रतीत आपली लिपी ठेवावी.

वडिलांच्या भजनाची कॅसेट या सगळ्यांहून निराळी आहे. शब्द संतांचे, गळा आपल्या वडिलांचा, ध्वनिमुद्रण घरचे; ती मुलाला पाठवण्यासाठी कोणालाही विचारण्याची गरज नाही. उत्साहाच्या भरात तिच्यापासूनच सुरुवात करू नका, एवढीच विनंती. आधी बाजारात सहज मिळणाऱ्या दोन-तीन कॅसेटींवर हात बसू द्या, डेक फीत खात नाही ना याची खात्री करून घ्या, आणि मग ती लावा. कॅसेटच्या वरच्या कडेला उजव्या-डाव्या बाजूंना दोन लहान पाकळ्या असतात. त्या शाबूत असतील तर आधी मोडून टाका, म्हणजे चुकून ‘रेकॉर्ड’चे बटण दाबले गेले तरी वडिलांच्या आवाजावर दुसरे काही भरले जाणार नाही.